खड्डेसाहेब आणि वांगणीची माती

खड्डेसाहेब मला आठवतात ते छातीपासून वरचेच. बाकीचा माणूस कायम खड्ड्यात. डोक्याला पांढरा पंचा गुंडाळलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि तोंड बरोबर जमिनीच्या पातळीवर. वाटेने जाणारा एखादा थांबून विचारायचा, "साहेब, पाणी लागलं का?" साहेब आतूनच गंभीरपणे सांगायचे, "पाणी नाही बाप्पा, माती लागली." विचारणारा मान डोलावून पुढे जायचा आणि बिचाऱ्यांचं नशीब नाही असं पुढच्या पाड्यावर सांगायचा.

त्यांचं खरं आडनाव सरकारी कागदांवर होतं, पण जव्हार-मोखाड्यात ते कोणी विचारलं नाही. मातीची पाहणी करून तिचा नकाशा करायचा, हे त्यांचं काम. म्हणजे डोंगराच्या उतारावर जागा निवडायची, मुरूम लागेपर्यंत पुरुषभर खोल खणायचं आणि उन्हाकडची भिंत सुरीने साफ करून तिच्यातले थर वाचायचे. शिरपामाळाच्या खाली आम्ही खणायला लागलो तेव्हा महाराजांच्या वेळचा मोहरांचा हंडा शोधतायत अशी बोलवा उठली. तीन माणसं सकाळपासून बांधावर ठाण मांडून बसली. संध्याकाळी साहेबांनी खड्डा बुजवला तेव्हा त्यांतला एक जण म्हणाला, "आमाला वाटलं शिकलेला माणूस हाय." साहेबांना हे इतकं आवडलं की पुढे दोन वर्षं ते स्वतःची ओळख करून देताना हेच वाक्य सांगत.

मी तेव्हा मोखाड्यात नवी कृषी सहायक होते. स्थानिक माणूस सोबत हवा म्हणून दोन हिवाळे मला त्यांच्याबरोबर दिलं होतं. आमची घरची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती, त्यामुळे मातीतलं आपल्याला कळतं असा माझा समज. पहिल्याच दिवशी त्यांनी हातात ढेकूळ देऊन विचारलं, ही कशी आहे? मी म्हणाले, चांगली आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चांगला चहा असतो, सहायकबाई. चांगला जावई असतो, म्हणजे असं ऐकून आहे. माती कशी आहे ते सांगा."

मग शिकवणी सुरू झाली. ढेकूळ फोडायचं, थेंब थेंब पाणी घालून कणकेसारखं मळायचं, अंगठा आणि बोटाच्या मधून दाबत त्याची फीत काढायची. लांब निघाली तर चिकण, निघालीच नाही तर रेताड आणि बोटाच्या दोन पेरांवर तुटली तर पोयटा. रंग सांगायचा तर रंगांच्या चौकोनांचं एक पुस्तक होतं, त्यातल्या चौकोनाशेजारी माती धरायची. आंबटपणा बाटलीतल्या थेंबांनी बघायचा. त्याला आम्ही सामू म्हणतो. सात म्हणजे ना आंबट ना अल्कधर्मी आणि खाली जाल तसा आंबटपणा वाढतो. आमच्या डोंगरात पाऊस इतका की मातीतला चुना वाहून जातो आणि मागे राहते ती तांबडी, आंबट पोयट्याची माती. साहेब वऱ्हाडातले, काळ्या रानात वाढलेले. त्यांच्या गावच्या मातीवर आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. "आमची माती बोलते," ते म्हणायचे, "तुमची ऐकून घेते."

त्यांचा एक कायदा होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. दिसतं ते लिहा, वाटतं ते घरी जाऊन सांगा. एकदा मी वहीत लिहिलं की इथे पूर्वी भात होत असावा. त्यांनी ती ओळ खोडायला लावली. भात दिसतोय का, म्हणाले. मग खोडा आणि आईला सांगा. मी खरोखरच संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगू लागले. दिवसभरात वहीत न मावलेलं सगळं मी चुलीपुढे ओकायची आणि आई भाकरी थापता थापता हुं हुं करायची.

दुसरा कायदा खड्डा बुजवण्याचा. खणताना तीन गोणपाटं अंथरलेली असत. वरची माती एकावर, मधली दुसऱ्यावर, खालची तिसऱ्यावर. बुजवताना खालची खाली, मधली मध्ये, वरची वर. मजूर कंटाळत, सरसकट लोटून द्यायला बघत. साहेब स्वतः फावडं घेत. दुसऱ्याचं घर उघडून बघितलं तर निदान दार लावून जावं, एवढंच त्यांचं म्हणणं. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, कुणाच्या तरी माळाचं दार लावत असलेला मी किती वेळा पाहिला. मला त्यांचा फार लळा लागला होता, हे मी आता सरळ सांगून टाकते.

या माणसाला एकच हौस होती. ती त्यांनी मला वावर गावाच्या वाटेवर नागलीची भाकरी खाताना सांगितली. नव्या प्रकारची माती सापडली की तिला, जिथे ती पहिल्यांदा नीट वर्णिली गेली, त्या गावाचं नाव देतात. मग ती माती कुठेही निघो, तिला त्याच गावाच्या नावाने ओळखायचं. साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी नावं दिलेल्या मात्या ओळखल्या होत्या. इथे येण्याआधी ते खाली किनाऱ्यालगतच्या सपाटीवर होते. तिथली पोयट्याची आंबट माती त्यांना नवीन वाटली, महिनाभर झोप लागली नाही. मग जुन्या कागदांत निघालं की तिला कधीचं नाव आहे. "मी पोचलो तेव्हा बारसं उरकलं होतं," ते म्हणाले. निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि एकाही मातीचं बारसं त्यांच्या हातून झालं नव्हतं.

वांगणीचा खड्डा आम्ही जानेवारीत घेतला. जीप वावरपर्यंत, पुढे पायी. पाड्यावरची माणसं बरीचशी कामाला ठाण्याकडे गेलेली. देवकीआजी म्हणून एक म्हातारी सुनेबरोबर राहिली होती, तिने आपली घरामागची रिकामी चौकोनी जागा दाखवली. पीक नाही, खणायला मऊ. साहेब आत उतरले आणि तासभर सुरीने भिंत साफ करत राहिले. मग मला खाली बोलावलं. वरचा वीतभर थर काळसर, भुसभुशीत आणि सामू जवळजवळ सात. त्याच्या खाली मात्र आपली नेहमीची तांबडी, आंबट माती. या डोंगरात असं कुठेच नव्हतं. काळ्या थरात कोळशाचे बारीक कण होते. साहेबांनी वहीत लिहिलं, जुन्या वणव्याचा कोळसा. थेंब टाकलेली वाटी त्यांनी मला तीनदा दाखवली आणि तीनदा विचारलं की हा रंग तुम्हालाही असाच दिसतो ना.

त्यांनी वरच्या कार्यालयाला कळवलं. दोन तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात खड्डा बघायला येणार असं ठरलं. तोवर खड्डा उघडा राहणार होता, म्हणून त्याला काटक्यांचा कूड घालायला मी एकटीच वांगणीला गेले. देवकीआजीने कोरा चहा दिला. मी म्हणाले, आजी, तुमच्या गावाचं नाव आता पुस्तकात जाणार, तुमच्या जागेत वेगळीच माती निघाली. म्हातारीने खड्ड्याकडे बघितलं.

"येगळी कशी आसंल? तठं माझा राब. सासूच्या वक्तापासून तठंच भाजतो आमी."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. राब आमच्याकडे घरोघरी असतो. रोपं टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा टाहाळ, पालापाचोळा, शेण अंथरून भाजतात, म्हणजे तण मरतं आणि राख मातीत मिसळते. दोन पिढ्यांची राख एका चौकोनात पडली, तर वरची माती काळी होणारच आणि तिचा आंबटपणा मरणारच. साहेब वऱ्हाडातले, तिकडे राब नाही. पण माझी आई दर उन्हाळ्यात राब भाजते. मी त्या खड्ड्यात उभी राहून कोळसा बघितला होता आणि मला तो चौकोन ओळखता आला नव्हता.

दोन दिवस मी गप्प बसले. तज्ज्ञ बाहेरचे, त्यांना कळलंच नसतं. देवकीआजी कोणाला सांगायला जाणार नव्हती. साहेबांनी जन्मभर वाट बघितलेली गोष्ट हातातोंडाशी आली होती आणि ती मी हिसकावायची हे जिवावर आलं होतं. तिसऱ्या दिवशी मोखाड्याच्या बाजारात ते भेटले. पाहुण्यांना द्यायला म्हणून गूळ-शेंगदाणे घेत होते. ते बघून मला राहवलं नाही. तिथेच, दुकानाच्या बाजूला, मी सगळं सांगितलं.

साहेबांनी पिशवी खाली ठेवली, खांद्यावरच्या शबनममधून वही काढली आणि वांगणीचं पान उघडून कोळशाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला कोळसा दिसला होता, सहायकबाई," ते म्हणाले. "वणवा मला वाटला."

मग त्यांनी विचारलं की मला हे कधीपासून माहीत आहे. दोन दिवसांपासून, मी म्हणाले. दोन दिवस कसे काढलेत, त्यांनी विचारलं आणि मला भर बाजारात रडू फुटलं. त्यांनी समोरून दोन चहा आणले. ते पिऊन होईपर्यंत मला रागावण्याचं त्यांच्या मनात आलं असेल तर ते तिथेच गिळलं असणार. आम्ही तशीच जीप पकडून जव्हार गाठलं आणि तिथून वांगणी. राबापासून वीसेक पावलांवर त्यांनी दुसरा खड्डा घेतला. वरपासून खालपर्यंत तांबडी, पोयट्याची, आंबट. शेजारच्या चार गावांत होती तीच आणि तिला दुसऱ्या कुठल्याशा गावाचं नाव कधीच मिळालेलं होतं. साहेबांनी तिचं वर्णन त्याच बारीक, सरळ अक्षरात लिहिलं. एकही ओळ कमी नाही.

तज्ज्ञांना त्यांनी स्वतः फोन केला. येऊ नका, राख आहे, एवढंच म्हणाले. कार्यालयात पुढे बरेच दिवस राखेवरून टोमणे चालले, तेही त्यांनी ऐकून घेतले. पहिल्या खड्ड्याचा कागद मात्र फाडला नाही. देवकीआजीपुढे मांडी घालून बसले, राब कसा रचतात, किती वर्षं, कोणत्या झाडाचा टाहाळ, सगळं विचारून लिहून घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, राबाची जागा, आणि पुढे माहिती देणारीचं पूर्ण नाव. मतदारयादी सोडली तर म्हातारीचं नाव सरकारी कागदावर तेवढंच असेल. मग दोन्ही खड्डे बुजवले. राबाच्या खड्ड्याला जास्त वेळ लावला.

मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि नाशिकला मुलीकडे राहायला गेले. दर पावसाळ्यानंतर त्यांचा फोन यायचा. माझं लग्न झालं, मुलगा झाला, या गोष्टी ते उरकून घ्यायचे आणि मग विचारायचे, सध्या कुठल्या उतारावर आहात, फीत किती लांब निघते. मी आजही कुठेही नमुना घेताना आधी घरातल्या म्हातारीला विचारते की इथे राब होता का. नवे लोक हसतात. मी त्यांना हसू देते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला फोन आला तो त्यांच्या मुलीचा. साहेब गेले होते. अस्थी गोदावरीत सोडल्या होत्या, पण मूठभर राख त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली होती. म्हणाले होते, गावी वऱ्हाडात नेऊ नका, तिथल्या मातीत आधीच चुना आहे, तिला उपयोग नाही. डोंगरात द्या, तिथे आंबट आहे. "आणि म्हणाले, सहायकबाईंना सांग, जागा नोंदवून ठेवा," ती म्हणाली. "नाहीतर पुढचा कुणीतरी फसेल."

ती स्टीलचा लहान डबा घेऊन आली. आम्ही दोघी वांगणीला गेलो. मला धाकधूक होती, कुणाच्या जागेत अशी राख टाकायची म्हणजे म्हातारी काय म्हणेल. देवकीआजी आता फारशी उठत नाही. दाराशी बसून राब भाजायचा टाहाळ नीट करत होती. मी सांगितलं. तिने विचारलं, "खड्ड्याचा साहेब?" मी हो म्हणाले.

"टाक मंग. नागलीला बरी."

मुलीने डबा राबात रिकामा केला आणि हाताने माती सारखी केली. दुसऱ्या दिवशी म्हातारीची सून त्यावर टाहाळ रचणार होती. मी वही काढली. गाव वांगणी. पाड्यावरचा राब, घराच्या मागे. वरच्या थरात राख मिसळलेली. शेऱ्याचा रकाना मोकळा होता आणि मनात पुष्कळ आलं, पण तिथे मी तारीख घातली आणि वही मिटली. बाकीचं घरी जाऊन आईला सांगितलं.