वंदनाची पीएचडी कशी गेली

वंदनाची पीएचडी आजारपणाने गेली नाही. मी घालवली.

काल सकाळी वंदना गेली. तेव्हापासून आपल्या सिंगापूरच्या मराठी ग्रुपवर एकच सूर आहे.
"आजार आडवा आला, नाहीतर आज डॉक्टर असती."
"युनिव्हर्सिटीने थोडं थांबायला हवं होतं."

दोन्ही खोटं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वंदना नागपूरची. तिथे शाळेत शिकवायची. नवऱ्याच्या, मिलिंदच्या नोकरीमुळे सिंगापूरला आली, इथल्या एका किंडरगार्टनमध्ये लागली आणि पन्नाशी उलटल्यावर पार्ट-टाइम पीएचडी करू लागली.
विषय, अभ्यासक्रम आणि अध्यापन. मुलांना काय शिकवायचं, कसं शिकवायचं, आणि शिकवताना वर्गात खरोखर काय होतं.

किती हसलो होतो आपण तिला!
"शिकवायचं कसं, यात पीएचडी? मग माझ्या आईला दोन मिळाल्या असत्या!"
हे तिनेच केलेली कोथिंबिरीची नागपुरी सांबारवडी खात खात.
तीही हसली होती. "अगं, मग आईंचा फोन नंबर दे. माझ्या गाइडला अशीच माणसं हवी आहेत."

इथल्या तोआ पायोह भागात दर शनिवारी मी आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेते. तिने विचारलं, "शैला, तुझ्या वर्गात मागे बसून रेकॉर्डिंग करू?"
मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, माझं कौतुक छापून येणार.

सही घेण्याआधी तिने संमतीपत्राची एकेक ओळ मला मराठीत समजावून सांगितली. "हे बघ, कधीही, कारण न देता माघार घेता येते. मग मला तुझं सगळं पुसून टाकावं लागेल."
"पुरे गं, कुठे सही करू ते सांग," मी म्हटलं.

वर्षभर ती येत राहिली. शेवटच्या बाकावर, काही न बोलता.

मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर्सवर माझा अजून जीव आहे. पांढरे झगे, फळ्यावरचं मोत्यासारखं अक्षर, टाचणी पडली तरी ऐकू येईल असा वर्ग.
मराठी शब्द तोंडून निघाला की बाकावर उभं राहायचं.
तसाच वर्ग मी इथे चालवत होते. फक्त इथे इंग्रजी शब्द, अगदी वाक्याच्या शेवटचं सिंगापुरी 'लाह' निघालं तरी, उभं राहायचं.
मला त्याचा अभिमान होता.

एक दिवस हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर कॉफी पिताना वंदनाने टाइप केलेली काही पानं पुढे केली. "तुझाच वर्ग आहे. वाच ना."

पानभर शिक्षिका. मग 'मूल २: हो.' मग पुन्हा पानभर शिक्षिका.
आणि हे:

मूल ५: टीचर, आय नो लाह, माझी आजी...
शिक्षिका: मराठीत! उभी राहा.
मूल ५: (उभी राहते. तास संपेपर्यंत बोलत नाही.)

त्या पोरीला आजीबद्दल काय सांगायचं होतं, ते मला आजही माहीत नाही.

"माझ्या चुका काढायला बसली होतीस का तू?"
"चुका नाहीत गं. मुलं कशी गप्प होतात, एवढंच बघतेय. तुझं नाव कुठेही येणार नाही."
"पण मला कळेल ना!"
तिने पानं आवरली. मी तिलाही गप्प केलं.

घरी येऊन मी ईमेल लिहिला. दोन ओळी, माझ्या उत्तम कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. मी संमती मागे घेते.
तेवढ्यावर थांबले नाही. वर्गातल्या मुलांच्या दोन-तीन आयांच्या कानावर घातलं, "ती मुलांचं काय काय रेकॉर्ड करते, बघा बाई." आठवड्याभरात पालकांनीही मुलांसाठी दिलेली संमती काढून घेतली. कोणी कोणी, ते तुम्हाला माहीत आहे.

वंदनाचं उत्तर आलं. "मिळालं. सगळं डिलीट करते. शनिवारी भेटू."
आणि शनिवारी ती खरंच आली. खुर्च्या आवरू लागली मला.

नंतर तिला दुसरा वर्ग मिळाला नाही. आपल्या छोट्या जगात बोभाटा झाला होता. पीएचडीची मुदत संपली, नाव कमी झालं. कोणी विचारलं तर म्हणायची, "तब्येत झेपत नाही हो."
तेव्हा तिची तब्येत ठणठणीत होती. आजार पुढच्या वर्षी निघाला. ती मला झाकत होती, आणि मी झाकून घेत होते.

हॉस्पिटलमध्ये मी एकदाच विषय काढला. "वंदना, तो ईमेल..."
"सोड ना. तू संमतीचा फॉर्म नीट ऐकला होतास. नाहीतर कोण ऐकतं!"
ती हसली. आणि मीही हसले.
शी.

आज रविवारच्या शोकसभेचं फ्लायर आलंय. 'डॉ. वंदना'. जिवंतपणी होऊ दिलं नाही, आता नावापुढे चिकटवताय? तिने एक खोटं वाक्य प्रबंधात घातलं नसतं. काढा ते.
खाली लिहिलंय, मनोगत शैलाताई.

हे पोस्ट करण्याआधी मी मिलिंदना फोन केला. सगळं सांगितलं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माहीत आहे मला, शैलाताई. म्हणूनच तुमचं नाव दिलं. रविवारी चार लोकांसमोर तुम्ही हे सांगाल, असं वाटलं होतं."
आणि फोन ठेवला.

सांगणार आहे. उभी राहून, सगळ्यांसमोर. माझ्यामागोमाग ज्यांनी संमती काढून घेतली, त्यांनी पहिल्या रांगेत बसावं. तिच्या साधेपणाबद्दल, हसऱ्या स्वभावाबद्दल कोणी एक शब्द बोलू नये. मला ऐकवणार नाही.

वंदना, माफी मागायची वेळ मी घालवली. आता श्रद्धांजली म्हणायलाही जीभ उचलत नाही.

जा, बाई. नमस्कार करते.