पूल मंजूर आणि खाडीचा नारळ

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर आई जुने पेपर अंथरायची आणि वर्षानुवर्षं बदलायची नाही. त्यामुळे जिल्ह्याची सगळी प्रगती आमच्याकडे बरण्यांखाली सुखरूप आहे. मिठाच्या बरणीखाली ‘कोकणचा कॅलिफोर्निया होणार’, सुक्या बांगड्यांच्या डब्याखाली ‘पर्यटनातून घरोघरी रोजगार’, चिंचेच्या मडक्याखाली ‘प्रत्येक वाडीला बारमाही पाणी’. एकदा माझ्या हातून कोकमाचा आगळ सांडला, तर आई म्हणाली, "रवांदे रे. कॅलिफोर्नियात सांडलो. थंय कोण जाता आसा?"

एक मथळा मात्र त्या फळ्यांवर कधी आला नाही. ‘खाडीवरील पूल मंजूर’. तो पेपर आईने चुलीत घातला. का, ते सांगतो.

माझे वडील तारी होते. आमची वाडी खाडीच्या अलीकडे, कट्टा गावाहून येणारी एस.टी. थांबायची पलीकडे. मध्ये पाणी, आणि पाण्यावर आमची होडी, म्हणजे गावची तरी. शाळेची पोरं, कोंबड्या, आजारी माणसं, नव्या नवऱ्या, सगळे वडिलांच्या वल्ह्यावर पलीकडे गेले. कोणी जागेवर पैसे देत नसे. भात झोडून झालं की घरटी ठरलेलं भात आमच्या पडवीत येऊन पडायचं. आणि एक मान होता. नारळी पौर्णिमेला खाडीत पहिला नारळ सोडायचा तो ताऱ्याने. त्या दिवशी सरपंच असो नाहीतर मुंबईहून आलेला साहेब, सगळे काठावर आणि माझा बाप गुडघाभर पाण्यात पुढे. त्याला अक्षरओळख नव्हती, जमीन नावापुरती होती. तो नारळ ही त्याची सगळी इस्टेट.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला, वाडीतही पहिलाच. हे मी जिथे तिथे सांगतो. कोणाला खटकत असेल तर खटकू दे. पेपरात तेव्हा माझी बातमीही आली होती, ‘ताऱ्याचा मुलगा पदवीधर’. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी मुलाचा होता. आईने तो पेपर काजूगरांच्या डब्याखाली घातला. म्हणाली, "झील बरो दिसता, पण खंयचो कोण जाणा."

पुलाची बातमी आली तेव्हा मी मालवणात राहून शिकत होतो आणि शनिवारी घरी यायचो. पेपरचा गठ्ठा एस.टी.तून उतरायचा आणि आमच्याच होडीतून अलीकडे यायचा. म्हणजे ती बातमी माझ्या बापाने स्वतः वल्हवून गावात आणली. धक्क्यावर चहाचं दुकान होतं. दुकानदाराने पेपर उघडला आणि ओरडला, "पूल मंजूर झालो रे!"

"खंयचो पूल?" वडिलांनी होडी बांधता बांधता विचारलं.

"आमचोच! आता तुझी होडी उलटी घाल आणि कोंबयो पाळ!"

सगळे हसले. वडीलही हसले. चांगली बातमी होती, हसायलाच हवं.

त्या वर्षी भात आलं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. आई सूप घेऊन एका घरी गेली तर तिला बसायला पाट मिळाला, चहा मिळाला आणि उत्तर मिळालं, "गो, आता पूल येतलो, मगे तरीचा भात कित्याक?" पूल कागदावर होता आणि भात कणगीत, तरी हिशेब त्यांना पटला होता. वडील मात्र वल्हवत राहिले. "पोरांची शाळा आसा," एवढंच म्हणायचे.

पुढे मोजणीवाले आले. काठावर एक दगड रोवला, त्याला पांढरा रंग फासला आणि गेले. गावाला पुलाचं एवढंच दर्शन झालं.

मग नारळी पौर्णिमा आली. मी सुट्टीला घरी होतो. वडील धुतलेलं धोतर नेसून, नारळ हातात घेऊन पाण्याकडे निघाले, तर सरपंचाने अडवलं. "थांब रे जरा. यंदा नारळ पुलाक. मान आता पुलाचो." आणि बापाच्या हातातला नारळ काढून घेतला. ओढून नाही, अगदी सहज, जशी कोणाच्या हातातली पिशवी आपण घेतो. त्या पांढऱ्या दगडापुढे गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हय जो काय पुलाचो दगड बसलोहा, तेची राखण कर. कोणी तेका हलवूक बघल्यान तर तेका जागच्या जागी थांबव." आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी वडिलांनी होडी काठाला घेतली, मला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी ती ओढून घरामागच्या परड्यात आणून उलटी घातली. आईने त्याच संध्याकाळी तो पेपर चुलीत घातला.

आठवडाभराने गाव दारात. शाळा बुडत होत्या, एकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. सरपंच पडवीत बसून गोड बोलला, "अरे, असो रुसान कसा चलात? लोकांनी पलीकडे जावचा कसा?"

वडील सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "पुलावरसून जावा."

माझ्या आयुष्यात ऐकलेलं हे सर्वांत नेमकं वाक्य आहे, आणि ते बोलणाऱ्याला सही येत नव्हती. बाळंतिणीला मात्र त्यांनी त्या रात्रीच होडी काढून नेलं, आणून सोडलं, आणि होडी पुन्हा उलटी घातली. बाकी गाव मग लांबच्या वाटेने, डोंगराला वळसा घालून चालायला लागलं. अजून कोणी भेटलं की सांगतं, तुझ्या बापाने गावाला चालवलं. मी म्हणतो, पेपराने चालवलं.

आता खरी गंमत. दगडाला नारळ एकदा फुटला म्हणजे तो दगड राहत नाही, जागेवाला होतो, त्या जागेचा राखणदार देव. वर्षभरात त्याला शेंदूर लागला, मग पत्र्याचं छप्पर आलं, मग दर सोमवारी बत्ती. मूल आजारी पडलं की पुलाच्या देवाला कोंबडा. देव जोरात चालू झाला, आणि बऱ्याच वर्षांनी खरोखरच पूल बांधणारे आले. इंजिनिअर म्हणाला, पहिला खांब इथेच, हा दगड काढा.

गाव गार पडलं. देवाला विचारल्याशिवाय कसं काढणार? गुरवाने दगडाला फुलं लावली आणि कौल घेतला. डावं फूल पडलं. पुन्हा घेतला. पुन्हा डावंच. "देव उठूक तयार नाय," गुरव म्हणाला. का उठेल? हलवणाऱ्याला थांबव म्हणून गावानेच तर त्याला सांगितलं होतं. वडील माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "माझो नारळ खाऊन बसलोहा. असो उठात?"

इंजिनिअरने थोडे दिवस वाट पाहिली आणि गेला. पूल खाडीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या गावात झाला. पेपरात आलं, ‘ग्रामस्थांच्या विरोधामुळे पूल अन्यत्र’. विरोध! ज्या गावाने पुलाची पूजा केली, त्या गावाचा पुलाला विरोध.

वडील त्या नव्या पुलावरून एकदाच गेले, रुग्णवाहिकेतून. परत आले नाहीत.

होडी अजून परड्यात उलटी आहे. दरवर्षी मी तिला तेल देतो. गेल्या महिन्यात गावातली मंडळी आली. आता सरपंच त्याच सरपंचाचा मुलगा आहे. खाडीत पर्यटकांसाठी होडी सफारी सुरू करायची आहे, आणि जुनी, खरी तरीची होडी हवी. तिच्यावर नवीन रंग, पर्यटकांना नारिंगी जॅकेटं, काठावर फलक, ‘शेवटच्या ताऱ्याची होडी’.

मी म्हटलं, "देतंय. फुकट देतंय. पण उद्घाटनाचो नारळ आमच्या घराचो. बापाशीचो मान होतो तो."

मग सरपंच प्रमाण मराठीत बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखलं. "तुमच्या भावना समजतो. पण नारळ पाहुण्यांच्या हस्ते ठरलाय. पत्रिका छापून झाल्यात."

"मगे होडी पण पाहुण्यांचीच घेवा," मी म्हटलं.

परवा पेपर आला. ‘वारसाच्या विरोधामुळे होडी सफारी रखडली’. मी उभ्या उभ्या दोनदा वाचला. या वेळी फोटो बरोबर होता, माझाच, परड्यातल्या होडीसमोर. मी पदवीधर असल्याचं मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं.

आई आता खूप थकली आहे, पण तिने पेपर मागून घेतला, फोटोवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यो फळयेर नको. ह्यो होडयेखाली ठेव."