अक्काच्या ओट्यावर 'मोफत' म्हणायचं नसतं

अक्का आज सकाळी गेली. आणि तिच्या फोटोवर "गरजूंना मोफत वाटप करणारी माऊली" असं स्टेटस ठेवणाऱ्यांनो, आधी ते डिलीट करा.

तिला तो शब्द चालायचा नाही.

मला माहितीये. कारण सगळ्यात आधी तो मीच लिहिला होता.

जळगावात आमच्या गल्लीत अक्काच्या ओट्यावर लोखंडी रॅक आहे. साबण, चहा पावडर, तेलाची पिशवी, तूरडाळ, पॅड. ज्याला लागेल त्याने न्यायचं.
अक्का रॅककडे पाठ करून भाजी निवडत बसायची. मुद्दाम. कोण आलं ते बघायचंच नाही.
मागे चपला वाजल्या की एवढंच, "घरमा जास्तीनं पडेल शे, लई जाय वं माय." म्हणजे, घरात जास्तीचं पडलंय, घेऊन जा बाई.

सेकंड इयरला कॉलेज सोडलं, तेव्हापासून बाइकवर सामान आणायचं काम माझं.
सेवा वगैरे काही नाही. एका मुलीला दिसावं की मी रिकामटेकडा नाही, म्हणून.

एकदा गर्दीचा फोटो काढला. "आमच्याकडून मोफत वाटप" लिहून स्टेटस ठेवलं.
फोटोत तेलाची पिशवी घेतलेली एक बाई होती.
त्या मुलीची आई.

तिचा मेसेज आला, "आई आता घराबाहेर पडत नाही. झालं समाधान?"
मग ब्लॉक.

मी तणतणत अक्काकडे. "मी काय चोरी केली का? चांगलंच केलं ना!"
"माले नको सांगू. तिनी मायले सांग."

पुढे कित्येक दिवस रॅकला कुणी हात लावला नाही. अक्का रोज साबणांवरची धूळ पुसायची.
आणि मी दिसलो की, "गया का रे?"
"ती बोलतच नाही माझ्याशी, कशाला जाऊ?"
"तिनासाठे नही रे येडा. तिनी मायनासाठे."

परवा दवाखान्यात अक्काने मास्क बाजूला करून पुन्हा तेच विचारलं. गया का?
मी म्हणालो, हो.
ती हसली. खरं वाटलं तिला.

तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये मला.

मावशी, तुमची माफी मी इथे मागणार नाही. पुन्हा तोच तमाशा होईल. तुमच्या दारात येतोय. शिव्या द्या, दार लावून घ्या. फक्त मुलीला बाहेर बोलावू नका.

अक्का, शेवटचा नमस्कार.
तुला चार वाजता न्यायचंय. त्याआधी जाऊन येतो.