होंकामाकीच्या उरलेल्या आठ टोपल्या

आर्मास कुयालाने एकतीस वर्षं होंकामाकी गावच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसला. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्याने आणि त्याचा दोस्त एइनो याने एइनोच्या जंगलात डिस्क गोल्फचं मैदान उभं केलं. साखळ्या लावलेली टोपली खांबावर बसवायची आणि लांबून तबकडी फेकत फेकत तिच्यात घालायची, एवढाच खेळ. अशा बारा टोपल्या झाल्या. जमिनीचा कागद कुणी केला नाही. दोघांनी हात मिळवले, कॉफी प्याले, झालं. पुढे नऊ वर्षं अख्खं गाव तिथे खेळलं आणि आर्मासला ‘मैदानवाला’ म्हणू लागलं.

गेल्या शरदात एइनो गेला. मार्चमध्ये त्याची मुलगी सिरक्कू शहरातून आली, ती वेलदोड्याचा गोड पाव घेऊन.

“काका, ओढ्यापलीकडचं जंगल आम्ही लाकूडतोडीसाठी विकतोय. मला नि भावाला नाही जमत ते सांभाळायला. अलीकडचं मात्र राहू देते, खेळा तुम्ही.”

“बरं,” आर्मास म्हणाला.

“रागावलात?”

“नाही गं.”

खरं म्हणजे रागावावं की तिचे आभार मानावेत, हेच त्याला कळेना. जमीन तिची, शब्द तिच्या बापाचा, आणि बाप तर मातीत. त्याने आपले पावाचे दोन तुकडे खाल्ले.

ओढ्यापलीकडे पाचवी ते आठवी अशा चार टोपल्या होत्या. नेमक्या मधल्या! आता चौथी संपायची ओढ्याकाठी आणि नववी सुरू व्हायची पार वरच्या सौनापाशी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापाशी. आर्मास स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसला. एक वाट सरळ केली की दुसरी आडवी यायची. तीही सोडवली, तर खेळणारा गाडीपासून लांब कुठेतरी दलदलीत निघायचा. जन्मात रस्ता न चुकलेला माणूस आठ टोपल्यांत हरवला. शेवटी अकराव्या की बाराव्या कागदावर त्याने कशीबशी एक वाट जुळवली.

मे महिन्यातल्या एका रविवारी सगळे जमले. तासाभरात चौथ्या टोपलीपाशी दोन गट समोरासमोर उभे ठाकले. दोघांच्याही हातात तबकड्या.

“आर्मास!” पिर्क्को ओरडली. ती गावची टपालवाली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. “पाळी आमची की त्यांची?”

आर्मासने नकाशा पाहिला, उलटा करून पाहिला. “दोघांचीही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे... नकाशाप्रमाणे तुम्ही आत्ता इथे असायलाच नको.”

“मग आम्ही आहोत कुठे?”

लोक खो-खो हसले. तेवढ्यात तिसऱ्याच बाजूने एक तबकडी सूं करत आली आणि कॉफीचा थर्मास आडवा करून गेली. आर्मासने नकाशा खिशात कोंबला आणि तो घरी निघून गेला.

तीन दिवस तो फिरकला नाही. आपलं डोकं चळायला लागलंय की काय, या शंकेने त्याला घेरलं. चौथ्या दिवशी पिर्क्को टपाल घेऊन आली आणि न विचारताच खुर्ची ओढून बसली.

“पहिलं मैदान आखलंस तेव्हा नकाशा होता?”

“छे. एइनो पुढे चालायचा. मी मागून खांब घेऊन. तो म्हणायचा ‘इथे’, की मी रोवायचो.”

बोलता बोलता तो थबकला. मैदान एइनोने आखलं होतं. आपण नुसते खांब वाहिले आणि नऊ वर्षं ‘मैदानवाला’ म्हणवून घेतलं. हे इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही?

“पिर्क्को, मला हे येतच नाही गं. कधी येतच नव्हतं.”

“मग मी पुढे चालते. चल, ऊठ. बूट घाल.”

ती टपाल वाटताना चालते तशी चालली, झपझप. चौथ्या टोपलीपाशी मात्र थांबली. “आता कुठे?”

“डावीकडे, चढावर,” आर्मासच्या तोंडून निघालं.

“का?”

“कुणास ठाऊक. तिथे बर्फ साठत नाही.”

“हे काय कारण झालं? बरं, रोव खांब.”

दोन आठवडे ते असेच चालले, भांडले, रोवलेले खांब उपटून पुन्हा रोवले. चौथी चढावर गेली, अकरावी उलट्या बाजूने आली. वाटा कशा जुळल्या ते आर्मासला नीट सांगता आलं नसतं. पण कुणी कुणासमोर येईना, हे खरं.

उन्हाळी सणाच्या आदल्या दिवशी सिरक्कू आली. आठही टोपल्या चालून तिने पाहिल्या.

“काका, बाबांना यातली कुठली आवडायची?”

आर्मासने आठवून पाहिलं. पाऊस, मच्छर, एइनोच्या शिव्या, सगळं आठवलं. हे नाही.

“मी कधी विचारलंच नाही,” तो म्हणाला. “पलीकडची एखादी असेल.”

दोघांनी ओढ्यापलीकडे पाहिलं. झाडं अजून उभीच होती. तोडणी का सुरू झाली नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

“अरे ए, खांबांनो!” वरून पिर्क्को ओरडली. “बाजूला व्हा, तबकडी येतेय!”

ते दोघं दोन दिशांना पळाले.