चष्म्याच्या काडीपाशी

हेडसेट दुकानात नाही, इंजिन चालू असताना घालून बघायचा, असं आमच्या फ्लाइंग क्लबात सांगतात. म्हणून काल विमानात बसून, उडवायला शिकवणाऱ्या सरांचा नवा हेडसेट कानांवर चढवला, बाहेरचा आवाज दाबणारं बटण दाबलं. इंजिनाची घरघर एकदम लांब गेली. मला नवल वाटलं नाही. आई गेल्यापासून सगळं असं लांबूनच ऐकू येतं. लोक बोलतात, मी मान हलवते.

फक्त चष्म्याच्या काडीमुळे हेडसेटची गादी कानाला नीट टेकत नव्हती. तिथल्या फटीतून थोडी घरघर आत येत होती.

सर म्हणाले, "पातळ काडीचा चष्मा करून घे गं. मग काहीच आत येणार नाही."

मी मान हलवली. चष्मा मात्र बदलायचा नाही, एवढं बऱ्याच दिवसांनी मनापासून ठरवलं.