खाकणीची मुळं

कळव्याच्या खाडीकाठी गावाचा मातीचा बांध होता. एका अंगाला भरतीचा चिखल, दुसऱ्या अंगाला अकरा घरांची भातशेती. बांधावर खाकणीची दाट झुडपं होती. खाऱ्या मातीत, भर उन्हाळ्यातही हिरवं राहणारं हे झाड. त्याच्या मुळांनीच बांधाची माती धरून ठेवली होती.

गोदाचा नवरा परशुराम मिठागरात राबता राबता खंगून गेला. मूलबाळ नव्हतं. ती धाकट्या दिराच्या, काळुरामच्या घरात राहिली. तो तिला मानानं वागवायचा, पण लुगड्यासाठी त्याच्यापुढे तोंड उघडणं गोदाच्या जिवावर यायचं. ठाण्याच्या बाजारात खाकणीच्या मुळांची दातवणं खपतात असं कळलं, तशी ती पहार घेऊन बांधावर जाऊ लागली. काळुरामनं एकदा हटकलं. बारीक मुळंच घेते, म्हणाली. खरं तर मागणी जाड मुळांना होती. ती तीच उकरायची आणि खड्डा चिखलानं लिंपून टाकायची.

एक्कावन्न सालच्या श्रावणात, उधाणाच्या दुपारी, बांध नेमका तिथंच फुटला. गडीमाणसांनी पेंढा, दगड, माती टाकून खांड बुजवेपर्यंत सगळी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. भात कुजला. पाणी ओसरल्यावर जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा आला.

गाव देवळापाशी जमलं. गोदा बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. तेवढ्यात काळुराम उठला आणि म्हणाला, खेकड्यांच्या बिळांनी बांध पोखरला. कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी खेकड्यांचं नाव घेतलं. आता तू तोंड उघडू नको, वयनी."

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. शेत पडीक राहिलं, तो ठाण्यात गिरणीत लागला.

गोदानं दातवणं सोडली. खाकणीची लाल फळं वेचून बिया काढल्या, खांडीवरच्या नव्या मातीत लावल्या. पहिल्या वर्षीची रोपं जळाली. दुसऱ्या वर्षीची बकऱ्यांनी खाल्ली. मग तिनं काट्यांचं कुंपण घातलं आणि चैत्र-वैशाखात विहिरीचं गोडं पाणी डोक्यावरून वाहिलं. पाचेक वर्षांत झुडपं कमरेएवढी झाली, बांध टिकला. पावसानं शेतांतलं मीठ थोडं थोडं धुऊन नेलं. चार घरांनी पुन्हा भात लावला. काळुरामनं लावला नाही. गिरणीतल्या कापसानं त्याची छाती भरली होती. सत्तावन्न साली तो गेला.

तेराव्यानंतर गोदा गावातल्या सर्वांत वडील माणसाकडे, विश्राम पाटलांकडे गेली. ओटीखाली उभं राहून तिनं सगळं सांगितलं. जाड मुळं, लिंपलेले खड्डे, दिराचं खोटं.

म्हाताऱ्यानं हातातली विडी विझवली.

"गावाला ठावं व्हतं," तो म्हणाला. "सभेच्या आधी काळुराम दारोदार फिरला. पाया पडला सगल्यांच्या. वयनीला कोनी काय बोलू नका म्हनला."

सहा वर्षं ज्यांच्या लग्नांत ती जेवली, ज्यांच्या पोरांना न्हाऊ घातलं, त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. गोदा घरी आली आणि दारातच बसली. दोन दिवस ती बांधाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी कुंपण मोडून बकऱ्या आत शिरल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा उठली आणि काठी घेऊन निघाली. वाटेत बायका भेटल्या. तिनं मान वर केली नाही.