अडकलेली पाटली

अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर सासूबाई घसरल्या आणि डाव्या हातावर पडल्या. शेजारणीनं त्यांना धरून दूधविनायक गल्लीतल्या आमच्या घरी आणलं तेव्हा मनगट वाकडं दिसत होतं आणि काचेच्या बांगड्या फुटून त्या हातात एकही उरली नव्हती. पाटल्या त्या नदीवर जाताना घरीच काढून ठेवायच्या.

मी चपला शोधत होते. त्यांना दुसरीच काळजी होती.

"आधी हातात काहीतरी घाल."

"अहो आई, हात मोडलाय. उजव्या हातात आहेत की."

"यांना स्टेंट घालून महिना झाला नाही, आणि मी भुंड्या हातानं उंबरा ओलांडू?"

सासरे आतल्या खोलीत होते. त्यांना जिना बंद होता. वाद घालण्यापेक्षा ऐकलेलं लवकर उरकेल, असा मी हिशेब केला. काच फुटून रुतेल म्हणून सोन्याची पाटली घेतली, साबण लावला आणि सरकवली. त्या ओरडल्या नाहीत, ओठ मात्र पांढरे पडले.

गल्ली पायी, मग रिक्षा, मग गर्दी. दवाखाना येईपर्यंत पाऊण तास गेला. हात फुगला होता, पाटली मांसात रुतली होती, बोटं निळसर दिसत होती. डॉक्टर तरुण होता.

"ये पहले से थी?"

"नहीं. गिरने के बाद हमने पहनाई."

त्यानं नुसतं पाटलीखाली बोट घालून पाहिलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्याकडचं अंगठी कापायचं हत्यार भरीव पाटलीवर चालेना. जास्तीत जास्त अर्धा तास, मग बोटांची खात्री नाही, म्हणाला. सराफाची दुकानं अजून उघडायची होती.

मी बांगड्या भरणाऱ्या आमच्या चुडिहारणीला फोन केला. बंगाल्यांचा शंखाचा चुडा, मारवाड्यांच्या लाखेच्या बांगड्या, आमच्या हिरव्या, तिच्या मुसलमान वस्तीतल्या नववधूंच्या चमकीच्या, सगळे हात तिनं भरलेले. मात्र नवरा गेल्यापासून ती सासूबाईंना बांगड्या भरत नसे. सासूबाईंनाच ते चालत नव्हतं. श्रावणात त्या तिच्या सुनेकडून भरून घ्यायच्या. सून त्या दिवशी माहेरी होती.

ती आली. तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहून सासूबाईंनी दुखरा हात पदराखाली ओढला. मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं गेली होती.

"भरने नहीं आई, अम्मा," चुडिहारीण म्हणाली. "निकालने आई हूँ."

सासूबाईंनी हात पदराखालून काढून पुढे केला.

डॉक्टरनं बधिर करायचं इंजेक्शन दिलं. चुडिहारणीनं पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवली, पाटलीखालून तिची कड बाहेर काढली, मोहरीचं तेल ओतलं आणि अंगठा तळव्यात दुमडून घेतला.

"कितनी बार कहा, एक नंबर ढीली लीजिए. मराठी लोगों को चूड़ी चमड़ी से चिपकी चाहिए."

"ढीली चूड़ी बर्तन जैसी बजती है," सासूबाई दातांवर दात दाबून म्हणाल्या.

"तो बजने देतीं."

तीनदा पाटली अंगठ्याच्या हाडापाशी अडली. चौथ्यांदा पिशवीसकट निघाली. मी ती पर्समध्ये टाकली, पुसलीसुद्धा नाही.

डॉक्टर एकेक नख दाबून सोडू लागला. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते तो बघत होता, आणि मी त्याचा चेहरा. अंगठा बरा. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, जरा उशिरानं. करंगळीवर तो थांबला, पुन्हा दाबली. "शाम तक देखेंगे," म्हणाला आणि हाड बसवायच्या तयारीला लागला.

प्लॅस्टर होईस्तोवर सासरे येऊन ठेपले; कुणाचंही न ऐकता जिना उतरले होते. त्यांना धाप लागली होती. सासूबाई लगबगीनं प्लॅस्टरवर पदर घेऊ लागल्या, तो सासऱ्यांनी बाजूला केला.

"बोटं हलतात का?"

सासूबाईंनी हलवून दाखवली. चार हलली. पाचव्याकडे बघत आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो.